उजवीकडचा रकाना

७ जुलै, सोमवार

बीडला तीन दिवस प्रशिक्षणात बसवून ठेवलं होतं. शनिवारी सुटलो. कंबर अजून धरलेली आहे.

नवा अभ्यासक्रम आला म्हणे. आमच्या डी.एड.च्या पोरापोरींनी आता नुसतं शिकवायला शिकायचं नाही, शाश्वत विकास शिकवायला शिकायचं. पाणी, माती, कचरा, हवा, सगळं सराव पाठांत आलं पाहिजे. आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी रोज एक चिंतनात्मक दैनंदिनी लिहून महिनाअखेरीला तिच्यावर प्राचार्यांची सही घ्यायची. ती मी लिहीन. वळणदार अक्षरात लिहीन. 'आज छात्राध्यापकांशी अर्थपूर्ण आंतरक्रिया झाली' वगैरे. असली भाषा लिहायला बत्तीस वर्षांत हात चांगला बसला आहे. ही वही मात्र वेगळी. ही कोणाला दाखवायची नाही.

तरी पहिल्या पानावर नाव घातल्याशिवाय राहवत नाही. विश्वेश्वर सोमलिंग हलगे, अधिव्याख्याता, अध्यापक विद्यालय, दिंद्रुड रोड. निवृत्ती ३१ मे. माझे दहा-अकरा महिने राहिले आणि आता यांना माती आठवली.

प्रशिक्षणात एका पोरसवदा साहेबांनी पडद्यावर हिरवंगार झाड दाखवलं आणि विचारलं, शाश्वतता म्हणजे काय? साठ मास्तर माना खाली घालून मोबाइल बघत बसले. मला तात्याबा गुरुजी आठवले. १९८६ साली मी याच कॉलेजात विद्यार्थी होतो. गुरुजींनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक वाफा आखून दिला. मी दुकानदाराचं पोरगं, सिरसाळ्याला आमचं किराणा दुकान. खुरपं उलटं धरलं होतं मी, शेतकऱ्यांची पोरं पोट धरून हसली. मागच्या विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढायचं. अंघोळ वाफ्याच्या कडेला करायची, म्हणजे तेच पाणी वांग्यांना. मेसचं खरकटं खड्ड्यात, खड्ड्यातलं खत वाफ्यात, वाफ्यातली वांगी मेसमध्ये. त्या भाजीची चव पुन्हा कुठं मिळाली नाही, अगदी बायकोच्या, नीलम्माच्या, हातची धरून. हे तिला वाचू देऊन चालणार नाही.

गुरुजींना शाश्वतता हा शब्द कुणी सांगितला नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "जेवढं काढलंव तेवढं घाला बे."

आता तिथं गाड्या लावतात.

१४ जुलै

आज आदर्श पाठ झाला. नव्या तुकडीला दाखवायला दरवर्षी मी गावच्या शाळेत सहावीच्या वर्गावर 'पाण्याचे महत्त्व' हा पाठ घेतो. अठ्ठावीस वर्षं तोच पाठ, तेच टाचण. पूर्वी ऐंशी पोरं मागं उभी राहून बघायची, आता एकोणीस. सगळी बाकांवर बसली तरी जागा उरली.

पाठाआधी त्यांना टाचणाचं महत्त्व सांगितलं. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडच्या रकान्यात शिक्षक काय विचारणार ते, उजवीकडच्या रकान्यात विद्यार्थी काय उत्तर देणार ते. दोन्ही रकाने आदल्या दिवशी पूर्ण पाहिजेत. त्यावर मार्गदर्शकाची सही झाली तरच वर्गात पाय ठेवायचा. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मास्तराचा पाठ कधी फसला नाही, त्याचं कारण हा उजवीकडचा रकाना. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न मास्तरानं विचारायचाच नसतो.

पाठ नेहमीसारखा रंगला. तिसऱ्या बाकावरच्या एका पोरानं थोडी घाई केली. मी "आपल्याला पाणी" एवढंच म्हणालो तर त्यानं उठून सांगून टाकलं, "नदी, विहीर, तलाव व पाऊस यांपासून मिळते सर." त्याचा बापही याच बाकावर माझ्या पाठाला बसलेला. हुशार घराणं आहे.

१५ जुलै

निरीक्षण वह्या तपासल्या. सगळ्यांनी 'पाठ प्रभावी झाला, फलकलेखन सुबक' असं लिहिलंय. एक वही सोडून. रोहिणी नावाची पोरगी आहे, इथल्या वस्तीवरची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात, ही आजीजवळ राहून शिकली. तिनं लिहिलंय: 'मुलांना उत्तरे प्रश्नाच्या आधीच माहीत होती. तर मग त्यांना नवीन काय मिळाले?'

मी लाल पेनानं खाली लिहिलं, 'निरीक्षण मुद्देसूद असावे.' रागानं अक्षर वाकडं आलं. नीलम्मानं विचारलं, चहा गार करून पिताय, कोणावर बिघडलंय? मी म्हणालो, कोणावर नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

रोहिणीचं टाचण तिसऱ्यांदा परत केलं. उजवीकडचा रकाना कोरा. पूर्ण कोरा. डावीकडे एकच प्रश्न: 'आपल्या गावात आजोबांच्या वेळी पाणी किती खोल होते आणि आज किती खोल आहे?'

बोलावून घेतलं. म्हणालो, उत्तर कुठं आहे? म्हणाली, मला ठाऊक नाही, पोरं घरी विचारून आणतील. मी समजावलं की असं चालत नाही, वर्ग हातातून जातो, पोरं भलतंच काही बोलतात, मास्तर तोंडघशी पडतो. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली,

"सर, उत्तर आपल्याला ठाऊकच हाय तर मंग पोरांना इचारायचं कावून?"

मी म्हणालो, बाहेर जा. काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही म्हणून नव्हे, तास संपला होता म्हणून.

२८ ऑगस्ट

आमचे प्राचार्य रविराज माझेच विद्यार्थी. खुर्चीत बसले की साहेब, मी आत गेलो की उठून उभे राहतात, मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. त्यांनी आज नव्या टाचणाचा छापील नमुना पुढं ठेवला. मधली रेघच काढून टाकली आहे. उजवीकडचा रकाना गेला. रविराज म्हणाले, सर, तुमच्या पोरीचं तर नव्या नियमात बसतंय की, द्या सही.

दिली. सहीखाली 'प्रायोगिक' असं लिहिलं. उद्या काही झालं तर आपण लिहून ठेवलेलं बरं.

११ सप्टेंबर, गुरुवार

काय झालं ते सविस्तर लिहितो. दाखवायच्या वहीत 'परिसराधारित उपक्रम घेण्यात आला' असं लिहिलंय.

पोरांनी घरून माहिती आणली होती. वेशीतली विहीर आजोबांच्या वेळी सहा परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, जुनी माणसं विहीर त्यानंच मोजतात. रोहिणीनं एका पोरीला हात वर करून उभं केलं, सुतळीवर तेवढं माप घेतलं, गाठ मारली. सहा गाठींची सुतळी वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि थोडी परत, एवढ्यात संपली.

मग तिनं विचारलं, आज गावात सगळ्यात खोल पाणी कुणाचं? पोरं एका सुरात म्हणाली, गहिनीनाथदादांचं बोअर, नऊशे फूट. गहिनीनाथदादा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, चाळीस एकर ऊस. तेवढी सुतळी वर्गात मावेना. पोरं सुतळीचं बंडल घेऊन दाराबाहेर, मैदानातून फाटकाबाहेर, मारुतीच्या देवळावरून पुढं, गाठीवर गाठ मोजत. मी ओरडत मागं. म्हातारी माणसं पारावरून उठून बघायला लागली. एक पोरगी तर मधेच खाली बसली, म्हणाली, बाई, एवढ्या खोल पाणी गेलं तर ते परत वर येतं का?

ते टाचणात नव्हतं. रोहिणी म्हणाली, मला नाही ठाऊक, आपण शोधू.

बत्तीस वर्षांत छात्राध्यापकाच्या तोंडून 'मला नाही ठाऊक' हे वर्गात कधी ऐकलं नाही. मी तिथल्या तिथं गुण कापायला पाहिजे होते. पोरं चिडवतील, हसतील असं वाटलं. कुणी हसलं नाही. ती पोरगी उठली आणि पुढं चालायला लागली.

सुतळी कुठं जाऊन संपली ते लिहायलाच नको. अध्यक्षांच्या ओसरीवर.

१३ सप्टेंबर

अध्यक्ष स्वतः आले. रागावले नाहीत, त्यांचा राग असाच असतो, हसून बोलतात. म्हणाले, ओसरीवर पाहुणे बसले होते, सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, आणि तीस पोरं दोरी घेऊन दारात. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? पोरांनी सांगितलं, दादांचं पाणी मोजतोय. "सर, तुमी जुने मानूस," म्हणाले. "तुमी असताना असं कसं?"

मी माफी मागितली. पुन्हा होणार नाही म्हणालो. ते गेल्यावर स्वतःचाच राग आला. का आला ते कळलं नाही. बहुतेक चहा न घेताच गेले म्हणून.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सिरसाळ्याला बहिणीकडं जाऊन आलो. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. काट्याची जागा तेवढी ओळखू आली. वडील पसाभर जास्तीची डाळ टाकून पुडी बांधायचे, पुडीचा कागद माझ्या शाळेच्या जुन्या वह्यांचा. लोक ती पुडी घरी नेऊन सोडायचे आणि कागद घडी घालून परत आणून द्यायचे. एकदा माझ्या गणिताच्या वहीचं पान, सात मार्कांवर लाल गोळा, तीनदा दुकानात परत आलं. त्याची फार लाज वाटायची तेव्हा. आज ते पान मिळालं तर उराशी धरीन.

येताना एसटीत नीलम्मा बोलत होती. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा आम्ही कॉलेजच्या क्वार्टरात राहायचो. म्हणाली, त्या विहिरीचं पाणी डाळ शिजायला एक नंबर होतं. अर्ध्या तासात डाळ गळून जायची. "तुमी ती," असं काही पुढं म्हणणार होती. मी खिडकीबाहेर ऊस दाखवला. म्हणालो, यंदा वाढ चांगली आहे. ती माझ्याकडं बघून पिशवीतली सुपारी शोधायला लागली.

तात्याबा गुरुजींची आठवण झाली की एक सल उठतो, तो इथं लिहून टाकतो. १९८८ सालच्या माझ्या अंतिम पाठाला त्यांनी सगळ्या तुकडीत कमी गुण दिले. माझा एकही प्रश्न वाया गेला नव्हता. एकूण एक उत्तर जसंच्या तसं आलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी पाठ थोपटली. गुरुजींनी शेऱ्यात लिहिलं, 'पाठ निर्दोष. मुलांची गरज पडली नाही.' दुकानदाराचं पोरगं पुढं जातंय हे त्यांना बघवलं नसेल असं मी सदतीस वर्षं धरून चाललोय. माणूस फार चांगला होता. तेवढं एक सोडून.

९ डिसेंबर

सहावीचा वर्ग निम्मा झाला. पोरं आईबापांबरोबर कारखान्यावर गेली. रोहिणी उरलेल्यांना घेऊन काहीतरी करतेय. तिनं टाचण दिलं, मी वाचून सही केली, 'प्रायोगिक' लिहायचं विसरलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

अंतिम पाठाचे विषय ठरले. रोहिणीनं 'आपल्या गावच्या विहिरी' घेतलाय. गावात किती विहिरी होत्या, किती खोल होत्या, किती उरल्या, बाकीच्या कुणी आणि कशासाठी बुजवल्या. पोरांनी घरोघर म्हाताऱ्यांना विचारून यादी करायची, वर्गात मांडायची.

विषय वाचला आणि तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला. बाकीचे कागद आधी बघायचे होते म्हणून.

दुपारी अध्यक्षांचा फोन. कुणी सांगितलं देव जाणे. अंतिम पाठाला विहिरी, बोअर, पाणी यातलं काही नको म्हणाले. कचऱ्याचा विषय द्या, ओला, सुका, ते बरं दिसतं. परीक्षक बाहेरचे येणार, गावाची शोभा कशाला? आणि एक गोष्ट गोड आवाजात सांगितली, त्या पोरीची नोकरी पुढं याच तालुक्यात बघायची आहे, तिला सांभाळून घ्या.

मी तिला सांगितलं. वाटलं होतं, वाद घालेल. तिनं विचारलं, हे तुमचं म्हणणं हाय का दादांचं? मी म्हणालो, दोघांचं. तिनं मान हलवली. या पाठात नापास झाली तर पुढची शिक्षक परीक्षा नाही, मग आईबापांच्या मागं कोयता घेऊन जाणं आहे. तेवढं तिला कळतं. मलाही कळतं.

१७ फेब्रुवारी

'कचऱ्याचे व्यवस्थापन' हे तिचं टाचण आलं. जुन्या नमुन्यावर, मधोमध रेघ मारून. उजवीकडचा रकाना काठोकाठ भरलेला. 'प्रश्न: ओला कचरा कोठे टाकावा? उत्तर: ओला कचरा हिरव्या डब्यात टाकावा.' सोबत थर्माकोलचे दोन डबे, एक हिरवा एक निळा, वर चमकी लावून 'वसुंधरा वाचवा'. तीस वर्षं मी असल्या थर्माकोलला दहापैकी नऊ देत आलोय. स्टाफरूमच्या माळ्यावर अजून त्याचा ढीग पडलाय, उंदरांनीही सोडलाय.

सही करायला पेन उघडलं. सगळं टाचण वाचून काढलं. चूक सापडेना. शब्दन्‌शब्द माझा होता. मी हे असं बत्तीस वर्षं लिहायला शिकवलं. आणि एकदम गुरुजींचं ते वाक्य आठवलं, मुलांची गरज पडली नाही. मी पेनाला टोपण लावलं. फार वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल इतकी वर्षं मनात काय धरून बसलो होतो मी.

तिला टाचण परत दिलं. ती घाबरली, म्हणाली, काय चुकलं सर? मी म्हणालो, "हे माझं हाय. तुझं घेऊन ये."

३ मार्च

विहिरींच्या टाचणावर सही केली. उजवीकडे कोरं पान. सहीच्या खाली काही लिहिलं नाही.

अध्यक्षांना स्वतः जाऊन सांगितलं, चोरी नको. ते हसले नाहीत या वेळी. म्हणाले, तुमची सही, तुमची जबाबदारी, तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मला जमेलसं दिसत नाही. मी म्हणालो, ऊन लई असतं मेमधी, बरोबर हाय.

नीलम्माला सांगितलं तर तिनं शिरा केला. का केला म्हणून विचारलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज अंतिम पाठ झाला.

मागच्या बाकावर आम्ही दोघं परीक्षक, कॉलेजकडून मी. बाहेरचे परीक्षक लातूरकडचे, गंभीर माणूस, पुढ्यात गुणपत्रक. परीक्षकानं पाठात तोंड उघडायचं नसतं, हा नियम मीच रविराजला एकेकाळी शिकवलेला. नव्या नमुन्यात दहा गुण एकाच गोष्टीला आहेत: मुलांच्या अनपेक्षित प्रश्नाला शिक्षक कसा सामोरा जातो. त्यात शून्य मिळालं तर बाकी काहीही असो, पाठ पुन्हा द्यावा लागतो. पुन्हा म्हणजे पुढच्या वर्षी.

पोरांनी एकेक विहीर आणली होती. वेशीतली, चिंचेची, माळावरची, मठाची. कुणाची आजी कुठं पाणी भरायची, कुठं कोण पोहायला शिकलं, कोणती कधी आटली. रोहिणी फळ्यावर लिहीत होती. नाव, किती परस, आज काय. अशा एकवीस झाल्या. मी खरंच रमलो होतो. ज्या विहिरीत मी पोहायला घाबरायचो आणि पोरं मला ढकलायची ती चिंचेची विहीरही निघाली. तिच्यात आता टॉवरचा खांब आहे.

मग ईश्वरी नावाची पोरगी उठली. तीच, जी त्या दिवशी रस्त्यात खाली बसली होती. म्हणाली, "बाई, कॉलेजची राहिली."

रोहिणीचा हात फळ्यावर थांबला. ती वळली नाही. म्हणाली, ती गावाबाहेर हाय, ती नको.

ईश्वरी म्हणाली, माळावरची तर अजून लांब आहे, ती घेतली की.

रोहिणी लिहिलेलीच अक्षरं पुन्हा गिरवायला लागली. सबंध वर्षात त्या पोरीनं एकाही लेकराचा प्रश्न टाळला नव्हता, सरळ 'मला नाही ठाऊक' म्हणाली होती, आणि आज पाठ करून उभी. शेजारच्या परीक्षकांनी मान वर केली, पेन उचललं, त्या दहा गुणांच्या ओळीवर आणलं. मी ते पेन बघितलं. शेकडो पोरांच्या गुणपत्रकावर माझं पेन असंच त्या जागी थांबलेलं आहे.

मी उठलो. बाक मोठ्यानं वाजला.

"बाविसावी लिहा बाई," मी म्हणालो. "कॉलेजची विहीर. आठ परस. दोन हजार चार साली बुजवली. मी बुजवली."

सगळी पोरं मागं वळली. ईश्वरीनं विचारलं, "कावून सर?"

सांगितलं. कॉलेजला मान्यता टिकवायची होती, तपासणीला माणसं येणार होती, त्यांना संगणक कक्ष पाहिजे होता आणि गाड्या लावायला जागा. मी बांधकाम समितीचा सचिव. अर्जात 'विहीर निरुपयोगी व धोकादायक' असं लिहिलं. आमच्या गुरुजींचे वाफे आधीच मोडले होते. चार दिवस उभा राहून दगडमाती टाकून घेतली. हे सगळं एका दमात बोललो. बावीस वर्षांत नीलम्मासमोरही बोललो नव्हतो.

पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, पाणी होतं का तिला?

"व्हतं," मी म्हणालो. "बुजवली त्या दिवशी बी व्हतं. दोन परसावर."

मला वाटलं, आता वर्ग शांत होईल आणि मी मरून जाईन. पण रोहिणी वळली होती. डोळे भरलेले, आवाज मात्र घट्ट. तिनं पोरांना विचारलं, मग त्या पाण्याचं पुढं काय झालं असेल? आणि वर्ग जो सुटला. कुणी म्हणालं, दगडांच्या फटीत असंल. कुणी म्हणालं, दादांच्या बोअरला गेलं असंल. कुणी म्हणालं, उकरून बघू. रोहिणी एकेक बोलणं फळ्यावर लिहीत गेली, घंटा झाली तरी लिहीतच होती. मी बसलो कधी ते आठवत नाही.

बाहेर आल्यावर लातूरचे साहेब म्हणाले, हलगे सर, परीक्षकानं पाठात बोलायचं नसतं, मला हे नोंदवावं लागेल. मी म्हणालो, नोंदवा, पण मला विचारलं होतं.

१३ मार्च

नीलम्माला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक होतं की. डाळ शिजेना तेव्हाच विचारणार होते, पण तुमचं तोंड बघून नाही विचारलं. मग आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो. कॉलेजातली जुनी नावं काढत बसलो, कोण कुठं मास्तर आहे, कोण गेलं. फार बरं वाटलं. फार वाईटही वाटलं.

९ एप्रिल

पाठाच्या गुणांची यादी रविराजनं आज फलकावर लावली. रोहिणी उत्तीर्ण. लातूरच्या साहेबांनी पन्नासपैकी पस्तीस दिले. माझे अठ्ठेचाळीस. माझ्या पेनातून आजवर बेचाळीसच्या वर कुणी गेलं नव्हतं. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली म्हणे.

ती संध्याकाळी घरी आली, आजीला, केशरबाईला, बरोबर घेऊन. म्हातारीनं नीलम्माशी शेंगांच्या चटणीचं बोलणं काढलं. रोहिणी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, सर, राग नका मानू, पण दोन मार्क कुठं गेले?

मी सांगितलं. म्हणालो, ईश्वरीनं विचारलं तेव्हा तू फळ्याकडं तोंड केलंस, त्याचे. मास्तरानं लेकराला पाठ दाखवायची नाही. आणि ती विहीर यादीत नव्हतीच. बाकीच्या एकवीस सापडल्या आणि नेमकी तीच सापडली नाही? घरोघर विचारलं ना तुम्ही?

ती मग आजीकडं मान करून हळू म्हणाली, "आजीनं सांगितलंतं मला. दिवाळीतच. तीच टोपल्यानं दगडं टाकायला व्हती तिथं. तुमी कडंला उभं राहून रडत व्हते म्हनली."

मी रडत होतो हे मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं.

"मग घेतली का नाहीस यादीत?" मी विचारलं.

"तुमी मागं बसनार व्हते ना सर," ती म्हणाली.

नीलम्मानं चहा आणला, चौघांनी घेतला. जाताना पोरीनं वाकून नमस्कार केला. तिचं गुणपत्रक वर गेलेलं आहे, आता त्यात फेरफार होत नाही. झाला असता तरी ते दोन मार्क मी दिले नसते. तिनंही मागितले नाहीत.